नजर तीक्ष्ण, हात बांधलेले

करिअर-मार्गदर्शन करणाऱ्या मंडळींनी बारकाईने काम करणाऱ्या तरुणांसाठी एक वाट शोधून काढली आहे : कारखान्यातील गुणवत्ता-तपासनीसाची नोकरी. चिकाटी आहे ना, नजर चांगली आहे ना, मग या! या उपदेशात खोटे काही नाही. मुख्य गोष्ट तेवढी गाळलेली आहे.

आमच्या शेजारचा आय.टी.आय. झालेला एक मुलगा चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीवर आहे. मिलिमीटरचा शंभरावा भाग तो मायक्रोमीटरवर सहज वाचतो. गेजची ‘गो’ बाजू भोकात शिरली पाहिजे, ‘नो-गो’ शिरता कामा नये. नियम इतका साधा की मतभेदाला जागाच नाही. तरीही महिनाअखेरीस माल रवाना करण्याची घाई झाली, की ‘नो-गो’ शिरलेल्या भागांची पेटीसुद्धा ‘चालवून घे’ असे त्याला सांगण्यात येते. त्याचे नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, करार अकरा महिन्यांचा. “काका, लाल टॅग लावला तर पुढचा करार कोण देईल?” असे त्याने मला विचारले. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही मला उत्तर देता आले नाही.

तपासनीस वस्तू निर्माण करीत नाही. त्याच्या श्रमाचे फळ म्हणजे नकार. ज्याला या नकाराची किंमत स्वतःच्या पोटाने मोजावी लागते, त्याच्या नजरेचा समाजाला उपयोग काय? 1961च्या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला ‘कामगार’च मानलेले नाही. 2018 मध्ये मुदतबंद नेमणूक सर्व उद्योगांना खुली झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी तर सरकारी निरीक्षकालाही मालकांचा ‘सुविधाकार’ करून टाकले. आता कॅमेरे तपासणी करतील, असे सांगितले जाते. करतीलही, पण कॅमेऱ्याने बाद ठरवलेली पेटी पुढे ढकलणारा हात माणसाचाच असेल!

हा केवळ कारखान्याच्या फाटकाआतला प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. 2025 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष 48.6 टक्के आढळले, मर्यादा 0.1 टक्के असताना! कच्च्या मालाच्या तपासणीचे बंधन कायद्यात होते, विष ओळखण्याची पद्धतही ठाऊक होती. तरी बाटल्या कारखान्याबाहेर पडल्या.

येथे आपल्या चळवळीचीही चूक कबूल केली पाहिजे. नाकारलेल्या मालामुळे उत्पादन-बोनस बुडतो, म्हणून तपासनीसाला ‘मालकाचा माणूस’ ठरवून संघटनांनी त्याला दूरच ठेवले. परिणामी तो मालकाचाही राहिला नाही आणि आपलाही झाला नाही.

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव येथील साथींनी पुढच्या करारात दोन कलमे घालावीत. तपासणीच्या कामावर कंत्राटी किंवा शिकाऊ नेमणूक चालणार नाही. आणि नाकारलेला माल सोडायचाच असेल, तर व्यवस्थापकाने तसा आदेश स्वतःच्या सहीने लेखी द्यावा. वेतनवाढीचा आकडा थोडा खाली आला तरी चालेल, या दुसऱ्या कलमावर मात्र माघार नको. मालक पगारवाढ देतील, पण ती सही देताना त्यांचे हात थरथरतील.