संगणकाच्या रस्त्यावर उसाची बैलगाडीही हवी

गळीत हंगाम सुरू झाला, की नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या परिसरात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, अशी वाहने अंधारात माणसाच्या डोळ्यालाही चकवतात. मग मोटारीतील कॅमेऱ्याने ती ओळखावीत कशी?

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. चालकविरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही, ही भूमिका केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात पुन्हा मांडली. चालकांचा रोजगार जाईल, हे त्यांचे कारण. तथापि, समोरचा अडथळा ओळखून स्वतःच ब्रेक लावणारी यंत्रणा 2021 पासून देशी कंपनीच्या मोटारीतही आली आहे.

अशा यंत्रणेची दृष्टी छायाचित्रांवर घडते. रस्ता कोठे, माणूस कोठे, हे प्रत्येक चित्रात आखून द्यावे लागते. प्रामुख्याने जर्मन शहरांत टिपलेल्या ‘सिटीस्केप्स’ या 2016 च्या संग्रहात अशा तपशीलवार आखणीला एका चित्रामागे दीड तासाहून अधिक वेळ लागला. त्याच वर्षी डार्मश्टाट विद्यापीठ व इंटेलच्या संशोधकांनी एका व्हिडिओ गेममधून सुमारे 25 हजार चित्रे मिळविली. तेथे आखणीला सरासरी 7 सेकंद पुरले. या कृत्रिम चित्रांच्या जोडीला एका प्रचलित संग्रहातील केवळ एकतृतीयांश खरी छायाचित्रे दिली, तरी संपूर्ण संग्रहावर शिकलेल्या यंत्रणेपेक्षा निकाल सरस आला.

मेख मात्र वेगळीच आहे. त्या गेममधील शहर लॉस एंजेलिसवर बेतलेले होते. भारतीय रस्त्यांसाठी हैदराबादच्या ‘ट्रिपल आयटी’ने इंटेलच्या साह्याने 10 हजार चित्रांचा संग्रह केला. त्यात रिक्षा आणि जनावरे यांनाही स्थान मिळाले. परदेशी संग्रहावर उत्तम चालणाऱ्या पद्धती या चित्रांवर बऱ्याच मागे पडल्या. हा संग्रहही हैदराबाद, बंगळूर आणि त्यांच्या भोवतालचा; मराठवाड्याचा ग्रामीण रस्ता त्यात नाही.

न शिकविलेली गोष्ट यंत्राला दिसत नाही, याची किंमत जगाने मोजली आहे. मार्च 2018 मध्ये अमेरिकेतील टेम्पी येथे उबरच्या चाचणी मोटारीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला. पादचारी ठरविलेल्या जागेखेरीज अन्यत्रही रस्ता ओलांडेल, हे त्या यंत्रणेने गृहीतच धरले नव्हते, असे चौकशीत निष्पन्न झाले. उमरीत तर रस्ता ओलांडायला ठरलेली जागा अपवादानेच आढळेल.

अपघात घडवून छायाचित्रे काढता येत नाहीत. म्हणूनच कृत्रिम चित्रे आवश्यक ठरतात. अंधारातली विनादिव्याची ट्रॉली, रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन, अचानक आडवे आलेले गुरू हे सारे संगणकावर हवे तितक्या वेळा उभे करता येते. ते उभे करायचे की नाही, हे मात्र माणूसच ठरवितो. कृत्रिम चित्रांवर शिकलेल्या यंत्रणेची खऱ्या ग्रामीण रस्त्यावर चाचणी आणि तिच्या निष्कर्षांची जाहीर नोंद, ही अट विक्रीपूर्वीच घातली पाहिजे. तोवर ट्रॉलीला परावर्तक पट्टी लावणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. ती पट्टी यंत्रालाही दिसते आणि माणसालाही.