करोल बागेचा चौथा कौल

8 फेब्रुवारी 2025 रोजी दिल्ली विधानसभेचा निकाल लागला तेव्हा आम आदमी पक्षाच्या भल्याभल्यांच्या जागा गेल्या. अरविंद केजरीवाल नवी दिल्लीत 4,089 मतांनी पडले, जंगपुऱ्यात मनीष सिसोदिया काही शे मतांनी हरले. करोल बागेला लागून असलेल्या राजिंदर नगरात त्याच पक्षाचे दुर्गेश पाठक 1,231 मतांनी मागे राहिले. 2015 मध्ये 70 पैकी 67 जागा जिंकलेला पक्ष 22 वर आला आणि भाजपने 48 जागा घेतल्या. त्या दिवशी करोल बागेत मात्र आम आदमी पक्षाच्याच विशेष रवी यांनी भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस दुष्यंतकुमार गौतम यांचा 7,430 मतांनी पराभव केला. सलग चौथ्यांदा. पुढच्या विश्लेषणांत या निकालाला फारशी जागा मिळाली नाही. आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो.

रवी यांची मताधिक्ये ओळीने पाहावीत. 2013 मध्ये 1,750. 2015 मध्ये 32,880. 2020 मध्ये 31,760. आणि आता 7,430. मधले दोन आकडे लाटेचे आहेत. त्या दोन निवडणुकांत झाडू चिन्हावर उभा राहिलेला जवळपास प्रत्येक जण निवडून आला. आमदाराची स्वतःची कमाई पाहायची तर पहिल्या आणि चौथ्या आकड्याकडे पाहावे लागते. 2013 मध्ये पक्ष नवखा होता, 28 जागांवर थांबला होता आणि त्यातून आलेले सरकार 49 दिवसांत गेले. 2025 मध्ये लाट उलटली होती. भरतीला सगळ्याच होड्या तरंगतात, ओहोटीत कोणती उभी राहते ते कळते. करोल बागेची राहिली, आणि त्याचे सगळे श्रेय पक्षाला देता येणार नाही.

सगळे श्रेय एकट्या आमदारालाही देता येणार नाही. हा मतदारसंघच माणूस धरून ठेवणारा आहे. 1993 मध्ये दिल्लीला पुन्हा विधानसभा मिळाली, तेव्हापासून आठ निवडणुका झाल्या. त्यात ही जागा तिघांकडेच राहिली. भाजपचे सुरेंद्रपाल रातावाल 1993, 2003 आणि 2008 अशा तीन वेळा जिंकले, 1998 मध्ये ती काँग्रेसकडे गेली आणि 2013 पासून रवी आहेत. शीला दीक्षित दिल्लीवर राज्य करत असतानाही इथल्या मतदारांनी दोनदा विरोधी पक्षाचा आमदार ठेवला. आज भाजपचे सरकार आहे आणि आमदार विरोधी बाकावर आहे. सत्तेच्या बाजूने झुकलेच पाहिजे असे या वस्तीला वाटत नाही, आणि तिचा हा गुण आम्हाला मनापासून आवडतो.

वस्तीही तशीच आहे. नवी राजधानी बांधताना उठवलेली माणसे इथे आणून बसवली गेली. रैगर समाजाच्या नावाने रैगरपुरा झाला. महात्मा गांधींनी 1921 मध्ये उद्घाटन केलेले हकीम अजमल खान यांचे तिब्बिया कॉलेज इथेच आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी अजमल खान रोडवर दुकाने थाटली, पुढे गफ्फार मार्केट उभे राहिले. सोन्याच्या कारखान्यांत बंगाली कारागीर आले, सोने गाळणारे सांगलीकडचे गलाईवाले आले. उठवलेल्या आणि उठून आलेल्या माणसांची ही वस्ती आहे. अशा माणसांना अडीअडचणीला ओळखीचे दार लागते. राखीव असलेल्या या मतदारसंघात आमदाराचे कार्यालय हे ते दार असते. रेशनकार्ड, पेन्शन, शाळेतला प्रवेश, तुंबलेले गटार, न आलेले पाणी. अर्ज घेऊन माणूस तिथेच जातो. बारा वर्षे ते दार उघडे ठेवणे ही मेहनत आहे आणि तिला मते मिळाली तर त्यात गैर काही नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दार उघडे ठेवून गटार साफ करून मिळते, पण इमारत सुरक्षित होत नाही.

12 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे करोल बागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलात आग लागून 17 माणसे गेली. सप्टेंबर 2024 मध्ये बापा नगरात जुनी इमारत कोसळून चार जण गेले. जुलै 2025 मध्ये एका मोठ्या दुकानाला आग लागली आणि दोन जीव गेले, त्यांतला एक तरुण लिफ्टमध्ये अडकला होता. सहा-साडेसहा वर्षांत, एका चौकातून दुसऱ्या चौकात चालत जाता येईल एवढ्या भागात, तीन मोठ्या दुर्घटना. प्रत्येक वेळी तेच झाले. इमारतीचा परवाना महापालिकेचा, अग्निशमन दल दिल्ली सरकारचे, पोलीस केंद्राच्या हाताखाली, जमीनही केंद्राच्या अखत्यारीत. 1991 च्या 69 व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा दिली, पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन तिच्या बाहेर ठेवली. त्यामुळे मेलेल्या माणसाची जबाबदारी तीन कचेऱ्यांमध्ये वाटली जाते आणि वाटणीत ती संपून जाते.

या दुर्घटनांचा दोष रवी यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्या इमारतीचा परवाना आमदार देऊ शकत नाही, ती तो पाडूही शकत नाही. पण मतदारसंघातली गल्ली न् गल्ली बारा वर्षे पाहिलेल्या लोकप्रतिनिधीला एक गोष्ट नक्की करता येते. कोणत्या इमारतीला दुसरा जिना नाही, कोणत्या गल्लीत अग्निशमनाची गाडी वळत नाही, कोणत्या खोलीत ॲसिड आणि गॅसच्या शेजारी कामगार झोपतात, याची यादी करून ती सभागृहात मांडायची. उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडायची. नव्या आमदाराला वस्ती कळायलाच दोन वर्षे जातात. चार वेळा निवडून आलेल्याला ती सबब नाही. आता ते विरोधी बाकावर आहेत, सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न विचारताना स्वपक्षाचा संकोच उरलेला नाही. दीर्घ कारकिर्दीचे खरे भांडवल हेच असते आणि ते वापरण्याची वेळ आली आहे.

मराठी वाचकाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. करोल बागेतल्या गलाईवाल्यांचे गाव बहुधा खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात असते. पाणी नव्हते म्हणून ही माणसे भट्टी आणि मूस घेऊन देशभरच्या सराफ पेठांत पांगली. त्यांच्या खानापूर मतदारसंघातून अनिल बाबर चार वेळा निवडून आले: 1990, 1999, 2014 आणि 2019. मधल्या काळात मतदारांनी त्यांना घरी बसवले, त्यांनी पक्ष बदलले, 2022 च्या शिवसेनेतील फुटीत ते शिंदे यांच्या बाजूने गेले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. पण कऱ्हाडजवळच्या टेंभू इथे कृष्णेचे पाणी उचलून माणदेशाकडे न्यायचे, हा एक विषय त्यांनी हारजितीच्या पलीकडे धरून ठेवला. 31 जानेवारी 2024 रोजी ते गेले, तेव्हा लोक त्यांना पाणीदार आमदार म्हणत होते. कारकीर्द लांबली म्हणून हे नाव मिळाले नाही. त्या लांबीत एक काम तडीस नेले गेले म्हणून मिळाले. करोल बागेत ते काम कोणते, हे सांगायला आम्हाला क्षणभरही विचार करावा लागत नाही. माणसे जिथे काम करतात आणि झोपतात त्या इमारती.

आणि इथे आम्हाला आमच्याच माणसांशी बोलायचे आहे. टेंभूचे पाणी गावच्या रानात खेळू लागले तरी ही घरे दिल्लीत स्थिरावली. मुले इथल्या शाळेत शिकतात, दुकानाचा परवाना इथला, आजारपण इथल्या दवाखान्यात. मत मात्र अनेकांचे अजून गावी आहे. विधानसभेला गाडी करून जाणारे जातात, बाकीच्यांचे मत तसेच राहते. स्थलांतरितांना जिथे आहेत तिथूनच गावचे मत देता यावे म्हणून निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव पक्षांपुढे ठेवला होता. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि विषय तिथेच थांबला. त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. कायदा सांगतो की माणसाने जिथे तो सामान्यतः राहतो तिथे नाव नोंदवावे, आणि गावी नुसते घर असणे म्हणजे तिथे राहणे नव्हे.

गावाशी असलेली माया मतदार यादीतून नाव काढल्याने तुटते असे ज्यांना वाटते, त्यांची भावना आम्हाला कळते. गावच्या निवडणुकीत भावकी असते, वैर असते, वडिलांचा शब्द असतो. पण गल्लीतली तार तुटून ठिणगी पडली तर गावचा आमदार येणार नाही. जो येऊ शकतो त्याच्या यादीत तुमचे नावच नाही. 7,430 चे मताधिक्य असलेल्या मतदारसंघात काही हजार नावांना काय वजन असते, हे सोन्याचा काटा हाताळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ती मते कोणाला द्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे. ती या यादीत असली की दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला जिन्याचा, तारांचा आणि झोपण्याच्या खोलीचा प्रश्न ऐकून घ्यावा लागेल.

दिल्ली महापालिकेची पुढची निवडणूक आता फार लांब नाही. इमारतींचे परवाने त्याच महापालिकेकडे आहेत. करोल बागेतल्या मराठी मंडळांनी यंदा गणपतीच्या मांडवात देणगीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावे, त्यावर मतदार यादीतले नाव नव्या पत्त्यावर हलवण्याचे नमुना 8 चे अर्ज ठेवावेत, आणि आरतीला येणाऱ्या प्रत्येक गलाईवाल्याचा अर्ज तिथल्या तिथे भरून घ्यावा. आरतीला आमदारांना बोलवावे, नगरसेवकांनाही बोलवावे, आणि गल्लीतल्या धोकादायक इमारतींची यादी त्यांच्या हातात द्यावी.