चष्मेवाला हेर

अलार्म वाजतो, हॅरी पामर डोळे उघडतो आणि त्याला काही धड दिसत नाही. आपल्यालाही दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्याच डोळ्यांनी बघत असतो. चाचपडणाऱ्या हाताला चष्मा सापडतो तेव्हा कुठे खोलीला कडा येतात. मग हा गृहस्थ उठतो, कॉफीच्या बिया दळतो, काचेच्या भांड्यात कॉफी मुरायला ठेवतो. पडद्यावर श्रेयनामावली सरकत असते. नायकाची ओळख करून द्यायची याहून घरगुती रीत मी कुठल्या हेरपटात पाहिलेली नाही.

'द इपक्रेस फाइल' हा १९६५ सालचा ब्रिटिश चित्रपट. दिग्दर्शक सिडनी फ्युरी, पामरच्या भूमिकेत मायकेल केन. अधूनमधून मी तो पुन्हा लावतो आणि घरातली मंडळी 'आज परत?' म्हणून बाजूच्या खोलीत जातात. गोष्ट पाठ झाली आहे, आणि खरं सांगायचं तर गोष्ट काही फार भारी नाहीच. ब्रिटनचे नामांकित शास्त्रज्ञ एकामागून एक निकामी होत चाललेत, त्यातला एक आगगाडीतून पळवला जातो, त्याच्या संरक्षकाचा मुडदा मागे उरतो. मेलेल्या माणसाच्या रिकाम्या जागी पामरची बदली होते. हो, बदलीच. या चित्रपटात मला हेरगिरीपेक्षा नोकरीच जास्त दिसते, आणि तो जुना होत नाही याचं कारणही मला तेच वाटतं.

पामर मुळात लष्करातला सार्जंट. बर्लिनमध्ये काळ्या बाजारात हात मारताना सापडलेला. तुरुंगात जातोस की हेरखात्यात येतोस, असं विचारल्यावर दुसरं काय करणार? सुरुवातीला तो एका माळ्यावर बसून समोरच्या घरावर पाळत ठेवण्याचं कंटाळवाणं काम करत असतो. वरिष्ठ कर्नल रॉस त्याला बोलावतो, त्याचा गोपनीय शेरा वाचून दाखवतो: उद्धट, आज्ञा न पाळणारा, लबाड. पामर ते शांतपणे मान्य करतो. नव्या जागी पगार वाढणार, हे कळल्यावर त्याच्या डोक्यात देशसेवा येत नाही, स्वयंपाकघरात घ्यायचा नवा ग्रिल येतो. नवा साहेब मेजर डॉल्बी, तो फॉर्मांचा भोक्ता. कुणाचा पाठलाग करा, कुणावर नजर ठेवा, संध्याकाळी ठरल्या नंबरचा कागद भरून द्या. ज्यानं आयुष्यात एकदा तरी प्रवासभत्त्याचं बिल तीन प्रतींत भरलंय, त्याला हा नायक परका वाटण्याची शक्यता नाही.

गंमत अशी की हा चित्रपट बाँडच्याच घरात जन्मला. निर्माता हॅरी सॉल्ट्झमन हा बाँडपटांच्या दोन निर्मात्यांपैकी एक. 'गोल्डफिंगर' १९६४ मध्ये तुफान चाललेला. आणि बरीचशी तीच माणसं घेऊन सॉल्ट्झमननं बाँडचा उतारा तयार केला. संगीत जॉन बॅरीचं, संकलन पीटर हंटचं, कलादिग्दर्शन केन अ‍ॅडमचं. खलनायकांसाठी भव्य गुहा उभारणाऱ्या अ‍ॅडमनं इथं रंग उडालेल्या भिंती आणि भल्यामोठ्या खोलीत एकच टेबल, असली कार्यालयं उभी केली. बाँडसाठी पितळी वाद्यांचा दणका देणाऱ्या बॅरीनं इथं सिम्बलम वापरलं. हे हंगेरीकडचं, काड्यांनी तारा छेडायचं वाद्य, आपल्या संतूरच्या कुळातलं. संतूर ऐकलेल्या कानाला त्याचा नाद लगेच ओळखीचा वाटतो. फक्त इथं डोंगरदऱ्या आठवत नाहीत, आपल्या मागून कुणीतरी येतंय असं वाटत राहतं.

मूळ कादंबरी लेन डेटन यांची, १९६२ची. तिच्यात नायकाला नावच नाही. चित्रपटाला नाव हवं होतं, आणि ते सपक असायला हवं होतं. केन सांगतात त्या किश्श्याप्रमाणे, 'हॅरी' हे नाव सपक आहे, असं ते बोलून गेले आणि समोर बसलेल्या निर्मात्याचं नावही हॅरीच आहे, हे त्यांना मागाहून उमगलं. सॉल्ट्झमन हसले म्हणून निभावलं.

केन यांची निवडच मोठी अर्थपूर्ण होती. वडील लंडनच्या बिलिंग्जगेट मासळीबाजारात हमाल, मुलगा कोरियाच्या युद्धात साधा शिपाई म्हणून जाऊन आलेला, बोली लंडनच्या कामकरी वस्तीतली. आणि दोन्ही साहेब कसे? उंची सूट, गुळगुळीत उच्चार, हातात छत्री. त्या काळच्या ब्रिटिश प्रेक्षकाला यातला काटा सांगावा लागत नव्हता. रशियासाठी हेरगिरी करणारे ब्रिटिश अधिकारी बर्जेस आणि मॅक्लीन १९५१ मध्ये रशियाला पळाले, १९६३ मध्ये त्यांचाच साथीदार किम फिल्बी. तिघंही केंब्रिजचे, चांगल्या घरातले, बड्या क्लबांत ऊठबस असलेले. घराण्यावर आणि शाळेच्या टायवर विश्वास ठेवून देशानं तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती दिल्या, त्यांनीच घर फोडलं. त्यामुळे 'इपक्रेस'मध्ये गद्दार कोण, हा प्रश्न सीमेपलीकडे जातच नाही. दोन साहेबांपैकी एक विकला गेलाय आणि कुठला, ते तिसऱ्या पायरीवरच्या माणसानं ओळखायचंय. कुठला ते इथं सांगत नाही, अजून न पाहिलेले वाचक असतील.

आता खाण्याबद्दल, कारण या चित्रपटात ते गोळीबाराहून महत्त्वाचं आहे. पामर सहकारी जीनला घरी बोलावतो आणि स्वतः ऑम्लेट करून वाढतो. एका हातानं अंडी फोडण्याचा तो सफाईदार हात केनचा नसून खुद्द डेटन यांचा. डेटन यांना पाककलेचा नाद होता, 'ऑब्झर्व्हर'मध्ये ते चित्रपट्टीच्या रूपात पाककृती लिहीत, आणि त्यातल्या काही पामरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरही चिकटवलेल्या दिसतात. नायक चष्मा लावतो आणि वर स्वयंपाक करतो, यानं हॉलिवूडमधल्या काही जणांच्या पोटात गोळा आला होता, असं केन पुढं सांगत असत. पुरुषासारखा पुरुष, पोळीला तवा कसा लावेल! (आमच्या बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि धनंजय कधी चहा तरी करत होते का? मला आठवत नाही.)

सुपरमार्केटमधला प्रसंग तर मी कुणालाही केवळ तेवढ्यासाठी दाखवेन. रॉसला एका फाइलची चोरून नक्कल हवी आहे. दोघं ढकलगाड्या घेऊन डब्यांच्या रांगांमधून फिरताहेत, गाड्या एकमेकींना धडकताहेत, धमकी आणि खरेदी एकाच सुरात चालू आहे. पामरच्या गाडीत फ्रेंच अळंब्यांचा डबा दिसतो. रॉस म्हणतो, फ्रेंच नावासाठी उगाच जास्त पैसे मोजतोयस. पामर उत्तरतो की चव खरंच वेगळी असते. ब्रिटनमध्ये युद्धकाळात सुरू झालेलं रेशनिंग पूर्णपणे संपलं ते १९५४ मध्ये. त्यानंतर जेमतेम अकरा वर्षांत हमालाच्या घरातला आवाज कर्नलला चवीवरून खोडून काढतो. बाँडला कुठली शॅम्पेन घ्यावी हे कळतं, पण त्याला कधी डब्यावरची किंमत बघावी लागत नाही.

फ्युरीचा कॅमेरा हा स्वतंत्र विषय आहे. चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांदेखत पटकथा जाळली, असं केन सांगतात. निर्मात्याशी त्याचे खटकेही भरपूर उडाले, आणि त्यातले बरेच कॅमेऱ्याच्या कोनांवरून. दिव्याच्या शेडमागून, दाराच्या फटीतून, कुणाच्या खांद्याआडून तो दृश्य टिपतो. जिन्यावरची मारामारी चालू असते आणि आपण बघतो ती रस्त्यावरच्या लाल टेलिफोन बूथच्या काचेतून. फिल्म वापरली ती टेक्निस्कोप पद्धतीची. तिला निगेटिव्ह निम्मी लागते, म्हणून ती स्वस्त. पण तिच्यात साधी, कमी नाभीय अंतराची भिंगं चालतात आणि जवळचा दिवा व दूरचा माणूस दोन्ही एकाच वेळी स्पष्ट राहतात. काटकसरीतून शैली निघाली. ऑटो हेलर यांना या छायाचित्रणासाठी ब्रिटिश अकादमीचं पारितोषिक मिळालं, शिवाय सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटाचंही याच चित्रपटाला मिळालं.

दोष? आहे, आणि तो मोठा आहे. शेवटच्या भागात पामरला कोंडून, भुकेलं ठेवून, झगझगीत रंग आणि कर्कश आवाजांचा मारा करून त्याचं मन धुतलं जातं. त्या काळी मेंदूधुलाईची भीती घराघरात होती, आज तो भाग विजेच्या रोषणाईसारखा दिसतो. मुठीत खिळा दाबून, वेदनेच्या आधारानं शुद्धीवर राहण्याची पामरची धडपड तेवढी अजून अंगावर येते.

आपल्याकडे मात्र 'फर्ज' (१९६७) आणि 'आँखें' (१९६८) हे हिंदी हेरपट बाँडच्या वाटेनं गेले. पामरच्या वाटेनं फारसं कुणी गेलं नाही. ज्या देशात निम्मी सुशिक्षित जनता बदली, बढती आणि गोपनीय शेऱ्याच्या चिंतेत, तिथं असं व्हावं याचं मला नेहमी नवल वाटतं. खुद्द पामरचे पुढचे भागही उतरत्या भाजणीचे: 'फ्युनरल इन बर्लिन' (१९६६) चांगला, 'बिलियन डॉलर ब्रेन' (१९६७) भरकटलेला. २०२२ मध्ये मालिकाही आली. नीटनेटकी आहे, पण तिच्यात सगळेच फार देखणे दिसतात.

मूळ चित्रपटाच्या शेवटी, जेमतेम वाचलेला पामर साहेबाला म्हणतो की आपण मेलो असतो. साहेब थंडपणे सांगतो, पगार त्याचाच मिळतो. बढती नाही, पदक नाही.

न पाहिलेल्यांनी जरूर बघा, पण मोबाइलवर नको. यातलं निम्मं नाट्य चौकटीच्या कडेला घडतं, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर कडा उरत नाहीत.