तलाव, धान आणि निर्वासित : सानगडी परिसराचा विसरलेला धडा

थ्रेड. सानगडीचे नाव निघाले की आपण इतिहासप्रेमी थेट किल्ल्याकडे वळतो. आज किल्ला बाजूला ठेवू आणि पाण्याकडे पाहू.

साकोली, सानगडी, नवेगाव बांध हा सारा कोहळी समाजाने घडवलेल्या तलावांचा मुलूख. परंपरा सांगते की कोहळी इथले मूळ रहिवासी नव्हेत. गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले. आख्यायिकेचा हा भाग पुराव्याने सिद्ध करणे अवघड आहे. मात्र तिच्यातील व्यवहार महत्त्वाचा : जो तलाव बांधील, त्याला त्याखालची जमीन. बाहेरून आलेल्याला उपजीविका मिळाली आणि आधीपासून राहणाऱ्यांच्या धानालाही पाणी मिळाले.

आता 1972 कडे या. महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असताना, तत्कालीन भंडारा जिल्ह्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरात तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. (1999 साली जिल्हा विभागला गेल्यापासून ती गोंदियात मोडते.) हिमालयापलीकडची, याक आणि सातूची सवय असलेली माणसे विदर्भाच्या उन्हात धान पिकवू लागली. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांचीही गावे आहेत.

तिबेटी कुटुंबांना जमीन मिळाली, सहकारी संस्था मिळाली, शाळा मिळाली. तरीही त्यांचा खरा आधार ठरला तो हिवाळ्यातील स्वेटरांचा व्यापार. लुधियानाचा माल घ्यायचा आणि शहरोशहरी तात्पुरती दुकाने थाटून विकायचा. याला स्वावलंबन म्हणावे का? म्हणावेच, ते कष्टाने कमावलेले आहे. परंतु हा पैसा वसाहतीबाहेर निर्माण होतो, आणि शेजारच्या गावाशी त्याचा संबंध फारसा येत नाही. एक हिवाळा उबदार गेला की वर्षाचे गणित विस्कटते, आणि तरुण पिढी दूरच्या शहरांची वाट धरते.

दोष केवळ वसाहतीच्या रचनेचा नाही. यजमान गावांचा पायाही त्याआधीच हलला होता. 1951 मध्ये मालगुजारी संपली, आणि ते न्याय्यच होते. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची देखभाल कोणी करायची हा प्रश्न लोंबकळत राहिला. आपण ज्यांना आज ‘मामा तलाव’ म्हणतो, ते हेच माजी मालगुजारी तलाव. अनेकांत गाळ साचत गेला. म्हणजे निर्वासित आले तेव्हा त्यांना सामावून घेणारी जुनी व्यवस्थाच मोडकळीस आलेली होती.

2014 च्या केंद्रीय तिबेटी पुनर्वसन धोरणाने जमिनीचे भाडेपट्टे, रेशन, रोजगार हमी यांची दारे खुली करण्यास राज्यांना सांगितले. धोरण चांगले आहे. माझा आक्षेप एवढाच की ते निर्वासितांना लाभार्थी मानते, शेजाऱ्यांसह एका तलावाचे भागीदार मानत नाही. रोजगार हमीतून वसाहत आणि लगतची गावे मिळून मामा तलावांचा गाळ काढू शकतात. पाण्याच्या पाळ्या एकत्र ठरवू शकतात. मात्र आरंभ ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांना विचारून व्हावा. तलावावर त्यांचे पोट आहे, आणि अशा योजनांच्या बैठकीत त्यांची खुर्ची नेहमी शेवटी मांडली जाते.