अंगण वांकडें कीं पाऊल चुकलें?

घरांत तक्रार करणाऱ्या मुलाला गप्प बसविण्यासाठीं वडील मंडळींच्या हातीं एक हुकमी शस्त्र असतें. तें म्हणजे ‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण. पूर्वीं ती कॅरमच्या फळीविषयीं किंवा क्रिकेटच्या बॅटीविषयीं ऐकूं येई. अलीकडे ती संगणकाच्या माउसविषयीं ऐकूं येते. नेमबाजीच्या खेळांत शत्रु पाठीमागून आला, हात झटक्यानें फिरविला, पण पडद्यावरील नेम अर्ध्या वाटेवरच थबकला. तेव्हां हा माउस कुचकामाचा आहे, नवा पाहिजे, असें चिरंजीवांचें म्हणणें. त्यावर वडिलांची म्हण ठरलेली. मातोश्रींचा प्रश्न त्याहून रोकडा असतो: याच माउसवर दुकानाचा हिशेब बिनचूक होतो, मग तुझाच नेम कसा चुकतो?

आमचें मत असें आहे कीं, या वादांत दोन्ही पक्ष घाई करितात. अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें. आणि तें वांकडें आहे कीं नाहीं हें म्हणीनें ठरत नाहीं, तसेंच नवा माउस विकत घेतल्यानेंही ठरत नाहीं. मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तरही सरळ आहे. हिशेब लिहितांना हात सावकाश चालतो, खेळांत तो बाणासारखा सुटतो. आणि हळू चालणाऱ्या हाताचा माग काढणें व धांवत्या हाताचा माग काढणें हीं दोन निराळीं कामें आहेत.

हें समजण्यास माउस काय करितो तें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेंत इ. स. १९६४ च्या सुमारास पहिला माउस तयार झाला. ती एक लांकडी पेटी होती व तिच्या पोटाखालीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें होतीं. पुढें चाकांच्या जागीं रबरी लेपाचा गोळा आला. तो मेजावर लोळला म्हणजे आंतील दोन दांड्या फिरत व त्यांच्या फेऱ्या मोजल्या जात. हात हळू असेपर्यंत हें ठीक चाले. झटका दिला कीं गोळा न लोळतां घसरे, आणि घसरलेलें अंतर कोणाच्याच जमेस येत नसे. शिवाय धूळ व तंतू त्या दांड्यांना लपेटून बसत. कापसाच्या पेठेंत राहणाऱ्या वाचकांना हें निराळें सांगावयास नको.

आजच्या माउसच्या पोटांत गोळा नाहीं. लहानसा कॅमेरा व दिवा आहे. तो खालच्या पृष्ठभागाचीं चित्रें एकसारखीं घेत असतो. आदल्या चित्रांतील बारीक खुणा पुढच्या चित्रांत किती सरकल्या हें पाहून हात किती सरकला तें तो ठरवितो. या युक्तीचें सारें बळ एका गोष्टींत आहे: लागोपाठच्या दोन चित्रांत कांहीं भाग तरी समान असला पाहिजे. आतां गणित पाहूं. इ. स. १९९९ च्या सुमारास जे प्रकाशीय माउस बाजारांत आले त्यांतील कॅमेरा सेकंदास सुमारें १,५०० चित्रें घेई व एका वेळीं त्याला जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची जागा दिसे. खेळणाऱ्यानें २० सेंटिमीटर अंतर सेकंदाच्या दहाव्या भागांत काटलें असें समजा. म्हणजे वेग सेकंदास २ मीटर झाला. तेव्हां एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत माउस सव्वा मिलिमीटरहून अधिक पुढें गेलेला असतो. पहिल्या चित्रांतील एकही खूण दुसऱ्यांत उरत नाहीं. मग यंत्र जुळविणार काय? तें एक तर मुकाट बसतें, नाहीं तर भलतेंच उत्तर देतें. त्या वेळच्या कॅमेऱ्याची हमी मुळांतच सेकंदास १२ इंचांपर्यंतची होती. अर्थात् त्या काळच्या मुलांची तक्रार अगदीं खरी होती, आणि कित्येकांना विनाकारण म्हण ऐकावी लागली असेल.

परंतु यंत्रें तेथेंच थांबलीं नाहींत. खेळासाठीं केलेल्या माउसमध्यें जो पिक्सआर्ट कंपनीचा ३३६० क्रमांकाचा कॅमेरा प्रसिद्धीस आला, तो सेकंदास सुमारें १२,००० चित्रें घेतो व २५० इंचांच्या, म्हणजे सहा मीटरांहून अधिक वेगापर्यंत माग सोडीत नाहीं, असें तो करणारे सांगतात. वरच्याच झटक्यांत त्याच्या दोन चित्रांमधील अंतर मिलिमीटरचा सहावा भाग होतें. मानवी हात इतका वेगवान नाहीं कीं त्यानें असल्या यंत्राला हरवावें. म्हणून ज्याच्या हातीं असा माउस आहे आणि तरीही जो त्याहून महागाचा मागतो, त्याच्या बाबतींत मात्र आम्ही वडिलांच्या म्हणीकडे झुकूं. खोक्यावर छापलेला डी. पी. आय. चा भला मोठा आकडा पाहून तर कोणीं भुलूं नये. एक इंच सरकल्यावर किती पावलें मोजावयाचीं एवढेंच तो सांगतो. धांवतांना पाऊल चुकतें कीं नाहीं हें तो सांगत नाहीं.

खरा चोर पुष्कळदां माउसमध्यें नसतोच. विंडोज प्रणालींत, इ. स. २००१ च्या एक्स. पी. आवृत्तीपासून, ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नांवाची एक सोय आहे व ती बहुधा आपोआप चालू असते. नांव अचूकतेचें, पण करणी पाहावी: हात जलद चालला तर तेंच अंतर पडद्यावर अधिक लांब होतें, हळू चालला तर आंखूड. लेखनाच्या कामीं हें सोयीचें असेल. परंतु नेम धरणाऱ्याच्या हाताला अंतराची जी संवय लागावयाची, ती यामुळें लागतच नाहीं. कांहीं खेळ ही सोय बाजूस सारून माउसचे आंकडे थेट घेतात, सर्वच घेत नाहींत. ती बंद करण्यास पैसा पडत नाहीं. कांचेचें किंवा फार चकचकीत मेज हाही असाच फुकट सुटणारा दोष आहे. एक जाडसर, एकरंगी कापडी चटई पुरे होते.

परीक्षा कशी करावी? खेळांत एखाद्या निर्धास्त जागीं उभें राहून भिंतीवरील एका खुणेवर नेम धरावा. मेजावर दोन जाड पुस्तकें अशीं ठेवावीं कीं त्यांच्यामध्यें माउसला २० सेंटिमीटर सरकतां यावें. डाव्या पुस्तकाला टेकलेला माउस झटक्यानें उजव्या पुस्तकापर्यंत न्यावा व हळूहळू परत आणावा; मध्यें उचलूं नये. नेम खुणेच्या डावीकडे गेला तर जातांनाची चाल कमी मोजली गेली. यंत्र वेगांत थिटें पडलें. नेम उजवीकडे राहिला तर जातांनाची चाल जास्त मोजली गेली. वर सांगितलेली सोय चालू आहे. तो खुणेवरच परत आला तर अंगण सरळ आहे. एका वेळेवर विसंबूं नये. दहा वेळां करून आंकडे कागदावर मांडावे व तो कागद वडिलांपुढें ठेवावा.

हें आम्ही हिंगणघाटच्या मुलांना विशेष आग्रहानें सांगतों, त्याला कारण आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन यांनीं इ. स. १८२३ च्या जानेवारीच्या २० तारखेस याच गांवीं देह ठेविला व त्यांची कबर येथेंच आहे. मद्रासजवळची पहिली आधाररेषा त्यांनीं इ. स. १८०२ मध्यें शंभर फुटी पोलादी सांखळीनें मोजली. उन्हानें पोलाद वाढतें म्हणून सांखळी लांकडी पेट्यांत ठेवून उष्णतामापकाच्या आंकड्यांवरून त्यांनीं अंतर दुरुस्त केलें. पुढें दूर गेल्यावर पुन्हां नवी आधाररेषा मोजून आधींचें गणित पडताळून पाहण्याची त्यांची रीत होती. इ. स. १८०८ मध्यें तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवितांना दोर तुटून त्यांचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट भिंतीवर आदळला. तेव्हां सहा आठवडे तंबूंत बसून त्यांनीं तो स्वतः नीट केला. माउसला अशी दुसरी आधाररेषा नसते. आपण कोठें आहों हें तो जाणत नाहीं. किती सरकलों एवढेंच जाणतो. वाटेंत एक पाऊल हरवलें कीं तें हरवलेंच. म्हणून पडताळा पाहण्याचें काम खेळणाऱ्याकडे येतें.

खेळच कशाला हवा, असेंही कांहीं पालक विचारतील. चीनमधील हांगझोऊ येथें इ. स. २०२३ मध्यें भरलेल्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सना प्रथमच पदकें ठेविलीं होतीं. आपल्या संसदेनें इ. स. २०२५ च्या ऑगस्टांत जो कायदा केला, त्यानें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. तेव्हां सगळ्या खेळांना एकाच काठीनें हांकणें योग्य नव्हे. जेथें काठी उगारावी अशी गोष्ट निराळीच आहे. इ. स. २०१८ मध्यें शांघाय येथील स्पर्धेंत एका हिंदी संघांतील खेळाडूच्या संगणकांत आपोआप नेम धरून देणारा लबाडीचा प्रोग्राम सांपडला व सबंध संघ बाद झाला. मुलगा माउसची तक्रार घेऊन उघडपणें वडिलांकडे येतो, हें त्या मानानें किती चांगलें!

शाळेच्या संगणक-खोलींतील माउसचीही अशी परीक्षा एखाद्या शनिवारीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं करावी. तेथें खेळ नसला तरी बाण पडद्याच्या कडेला न टेकेल इतकी त्याची गति कमी करून हेंच काम होतें. प्रत्येक माउसवर निकालाची चिठ्ठी लावावी. नवे माउस घेण्याची वेळ येईल तेव्हां कोणते काढावयाचे हें मग कोणास विचारावें लागणार नाहीं.