कुलवृत्तांत आणि कॅमेरा

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी जुनी म्हण आहे. राजाला मात्र ही सवलत मिळत नाही. त्याचे कूळ शोधले जाते, तपासले जाते आणि वेळ पडल्यास तलवारीने दुरुस्तही केले जाते; कारण सिंहासनाचा सातबारा त्या कुळावरच लिहिलेला असतो. ऑगस्ट २०२२ पासून दाखविण्यात येत असलेली 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' ही दूरचित्रवाणी मालिका अशाच एका कल्पित राजकुळाची, टारगेरियन घराण्याची, कहाणी आहे. तिच्यातील अग्निमुखी उडते नाग पाहून प्रेक्षक थक्क होतो, हे खरे. परंतु मालिकेचा खरा विषय नाग नव्हेत, वंशवृक्ष आहे. आणि त्या वंशवृक्षाला दूरचित्रवाणीने कोणता न्याय दिला, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

मूळ तंटा थोडक्यात असा. वृद्ध राजा जेहेरिस याचे दोन्ही कर्ते पुत्र, थोरला एमॉन आणि धाकटा बेलॉन, त्याच्या हयातीतच निवर्तले. थोरल्याची कन्या रेनिस आणि धाकट्याचा पुत्र व्हिसेरिस यांपैकी गादी कोणाची? राजाने हॅरेनहॉल येथे सरदारांची महासभा बोलावली आणि सभेने व्हिसेरिसच्या पारड्यात कौल टाकला. थोरल्या शाखेपेक्षा पुरुषत्व श्रेष्ठ ठरले. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'फायर अँड ब्लड' या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ ग्रंथात तर हा निर्णय अधिकच कडक आहे. तेथे महासभेपुढील मुख्य प्रतिस्पर्धी रेनिस नसून तिचा बालपुत्र लेनॉर आहे. म्हणजे स्त्रीला तर नाहीच, पण स्त्रीच्या द्वारे येणाऱ्या पुरुषालाही हक्क नाही. फ्रान्समधील सरदारांनी १३२८ साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा, आईकडून येणारा, हक्क बाजूस सारला, तो याच धर्तीवर. मालिकेने लेनॉरऐवजी खुद्द रेनिसलाच उभे केले. त्यामुळे प्रसंग सोपा झाला आणि कायद्याचा एक अत्यंत मार्मिक पेच हातचा गेला.

पुढे याच व्हिसेरिसला पुत्र होईना. राणी बाळंतपणात गेली, नवजात बालकही गेले; आणि राजाने आपली कन्या रेनीरा हिला वारस घोषित करून सरदारांकडून शपथा घेतल्या. आपण कोणत्या नियमाने राजा झालो, याचा त्या भल्या माणसाला विसर पडला की काय? स्त्रीला गादी नाही, या निर्णयावर ज्याचे आसन टेकलेले, त्यानेच स्त्रीला गादी देऊ केली. नियम बदलावयाचा होता तर पुन्हा महासभा बोलवावयास हवी होती. तसे त्याने केले नाही. उलट दुसरे लग्न केले. ॲलिसेंट हायटॉवर या नव्या राणीला एगॉन हा पुत्र झाला, त्यामागून आणखी झाले, आणि तरीही जुनी घोषणा ना मागे घेतली ना नव्याने पक्की केली. अर्धवट केलेले मृत्युपत्र भाऊबंदांना कोठे नेऊन सोडते, हे ज्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढली आहे त्याला सांगावयास नको.

मार्टिन यांनी ही कथा पोकळीतून निर्माण केलेली नाही. इंग्लंडचा पहिला हेन्री याचा औरस पुत्र ११२० साली जहाज बुडून मरण पावला. हेन्रीने ११२७ मध्ये कन्या माटिल्डा हिच्यासाठी सरदारांकडून शपथा घेतल्या. आणि ११३५ मध्ये तो मरताच त्याचा भाचा स्टीफन याने मुकुट चढवून घेतला. शपथा घेणाऱ्यांपैकी कित्येक जण स्टीफनच्या मागे उभे राहिले. माटिल्डा ११४१ मध्ये लंडनपर्यंत पोहोचली, राज्याभिषेकाची तयारीही झाली, आणि लंडनकरांनी तिला हुसकून लावले. जवळजवळ दोन दशके देश होरपळला. अखेर ११५३ च्या तहाने स्टीफननंतर माटिल्डाचा पुत्र राजा होईल असे ठरले. आईला जे नाकारले ते मुलाला मिळाले. मार्टिन यांनी या प्रकरणाचे ऋण मोकळेपणाने मान्य केलेले आहे.

आता वादाच्या गाभ्याकडे वळावयास हवे. रेनीराचा विवाह लेनॉर वेलॅरियन याच्याशी झाला आणि तिला तीन पुत्र झाले. ते पतीचे नसून हार्विन स्ट्राँग या सरदाराचे आहेत, अशी दरबारात कुजबूज सुरू झाली. मूळ ग्रंथाची खुबी अशी, की तो कादंबरीच्या रूपात लिहिलेलाच नाही. एका पंडिताने दीडशेहून अधिक वर्षांनंतर रचलेला तो इतिहास आहे. त्याच्यापुढे एका धर्मगुरूचा वृत्तांत आहे, एका राजवैद्याच्या जबानीवर बेतलेली बखर आहे आणि मश्रूम नावाच्या ठेंगू विदूषकाच्या चहाटळ आठवणी आहेत. तिघांचे तीन सूर. धर्मगुरू राणीच्या पक्षाकडे झुकतो, वैद्याला स्वतःचा जीव वाचवावयाचा असतो, विदूषकाला लोकांना हसवावयाचे असते. त्यातून वाचकाने काय ते ठरवावे. मुलांचे केस तपकिरी होते, हे सर्वांना मान्य. परंतु ग्रंथातील रेनिस, म्हणजे मुलांची आजी, काळ्या केसांची आहे. संशयाला जागा आहे, तशीच संशयाच्या फायद्यालाही आहे.

दूरचित्रवाणीने ही दोन्ही दारे बंद केली. मालिकेत रेनिसचे केस रुपेरी आहेत. वेलॅरियन घराण्यातील पुरुषांच्या भूमिका कृष्णवर्णीय नटांनी केलेल्या असून रेनीराचे तिन्ही पुत्र गोरे आहेत. शिवाय हार्विनचा त्या मुलांविषयीचा जिव्हाळा कॅमेरा इतक्या जवळून दाखवितो की, प्रेक्षकाला विचार करण्याचे काही कारणच उरत नाही. कृष्णवर्णीय नटांना एका बलाढ्य घराण्याचे स्थान दिले, हे स्वागतार्हच. कॉर्लिस वेलॅरियनच्या भूमिकेत स्टीव्ह टूसेंट यांचा दरारा पाहण्यासारखा आहे. पण पितृत्वाचा जो प्रश्न पुराव्याचा होता, तो नुसत्या डोळ्यांचा होऊन बसला.

यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडले ते असे. कोणाचे मूल कोणाचे, हा प्रश्न मानवी समाजाने रक्ताच्या खात्रीवर कधीच सोडविलेला नाही. रक्ततपासणी ही अगदी अलीकडची गोष्ट. विवाह ज्याच्याकडे बोट दाखवितो तो पिता, हे रोमन कायद्याचे सूत्र. भारताच्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ हेच सांगत होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६ ही तेच सांगते: वैध विवाहाच्या काळात जन्मलेले मूल पतीचेच, पतिपत्नींचा त्या काळात संबंध येणेच शक्य नव्हते असे सिद्ध झाल्याखेरीज. हा नियम भाबडा नाही. लेकराच्या कपाळी शेजाऱ्यांच्या जिभेचा डाग लागू नये, म्हणून शहाण्या माणसांनी बांधलेली ती भिंत आहे. रेनीराच्या मुलांना पतीने आपले म्हटले, आजोबांनी आपले म्हटले, राजाने आपले म्हटले. कायद्याला याहून अधिक काही नको. मालिकेचा प्रेक्षक मात्र, आपण प्रत्यक्ष पाहिले आहे या समाधानात, नकळत निंदकांच्या बाकावर जाऊन बसतो.

पहिल्या पर्वाच्या आठव्या भागात या प्रश्नाने क्षणभर डोके वर काढले आहे. वेमंड वेलॅरियन भर दरबारात मुलांना अनौरस म्हणतो आणि रोगाने झिजलेला व्हिसेरिस काठी टेकीत सिंहासनापर्यंत चालत येतो. पॅडी कन्सिडाइन यांनी ही चाल अशी उभी केली आहे की, सत्य आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे एका शब्दाविना उमगावे. वेमंड खरे बोलतो. तरीही तो अन्याय करतो. मालिकेची सारी उंची या एका प्रसंगात आहे.

आणि त्याच भागाच्या शेवटी तिने ती उंची घालविली. मरणोन्मुख राजा ग्लानीत, घराण्याचा आद्य विजेता एगॉन याच्या स्वप्नाविषयी काही पुटपुटतो. ॲलिसेंटला वाटते, तो आपल्या पुत्राचे, एगॉनचे, नाव घेत आहे. झाले! राज्याच्या वारसाहक्काचा एवढा मोठा तंटा एका नामसादृश्यावर येऊन ठेपला. ग्रंथात असे काही नाही. तेथे राजा झोपेत मरतो आणि राणी व तिचे सल्लागार, आपण काय करीत आहोत हे पुरते जाणून, गादी बळकावतात. राणीला प्रेक्षकाची सहानुभूती मिळावी म्हणून मालिकाकारांनी ही युक्ती योजिली असावी. परंतु सहानुभूती मिळविण्यासाठी त्या बाईची बुद्धी काढून घेतली, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. आपल्या मुलाचा हक्क मोठा, असे मनोमन मानणारी ॲलिसेंट चुकीची असेल, पण ती एका मताची प्रतिनिधी ठरली असती. हे मत हॅरेनहॉलच्या महासभेने मान्य केलेले होते आणि प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये, भाऊ धाकटा असला तरी बहिणीच्या आधी, हा दंडक २०१३ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकून होता. अशा मताला ऐकण्याच्या चुकीची सबब लागत नाही.

ग्रंथानुसार या यादवीचा शेवट विलक्षण आहे. रेनीराला तिच्या भावाने आपल्या नागाच्या तोंडी दिले. तोही पुढे विषाने मेला. आणि गादीवर आला तो रेनीराचाच, डेमनपासून झालेला, अल्पवयीन पुत्र. त्यापुढचा प्रत्येक टारगेरियन राजा तिच्याच वंशातला. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधील डेनेरिसही तिचीच वंशज. मात्र या रक्ताने आपल्या मूळ स्त्रीची स्मृती कशी पाळली, हे पाहण्यासारखे आहे. तिचा नातू बेलॉर निपुत्रिक वारला तेव्हा त्याला तीन बहिणी होत्या. स्त्रीच्या हक्कापायी राज्य एकदा जळाले आहे, असा दाखला निघाला आणि तिघींनाही बाजूला सारण्यात आले. मुकुट त्यांच्या चुलत्याच्या, दुसऱ्या व्हिसेरिसच्या, मस्तकी गेला. हा दुसरा व्हिसेरिस रेनीराचा धाकटा मुलगा.