अडत्याच्याच मालकीचा बाजार

बाजारभाव, हवामान, पिकांवरचे रोग यांची माहिती देणारी संकेतस्थळे आणि अ‍ॅप आता गावोगावच्या मोबाइलवर उघडली जातात. त्यांतली काही आपल्याच घरांतली शिकलेली पोरे चालवतात. शेतकऱ्याकडून ती वर्गणी घेत नाहीत. पानाच्या वर, खाली आणि मध्ये जाहिराती दिसतात, त्यांवर त्यांचा खर्च निघतो. त्या जाहिरातींचे नियम कोण करतो आणि कोणाच्या सोयीने करतो, हा प्रश्न म्हणूनच शेतकरी आंदोलनाच्या कक्षेबाहेरचा नाही. जिल्हा बैठकांपुढे तो आम्ही मुद्दाम ठेवत आहोत.

हा व्यापार चालतो कसा, ते आधी पाहू. वाचकाने पान उघडले की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्या पानावरच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. विकणारा म्हणजे संकेतस्थळाचा मालक, घेणारा म्हणजे जाहिरातदार आणि मध्ये लिलावाचे आवार. आपल्याला यात नवीन काही नाही. नवीन आहे ते एवढेच की गुगल ही एकच कंपनी विकणाऱ्याची अडत करते, घेणाऱ्याची खरेदी करून देते आणि लिलावाचे आवारही तिच्याच मालकीचे आहे. एखाद्या मोठ्या बँकेने न्यूयॉर्कचा शेअर बाजारच ताब्यात ठेवावा तसे हे आहे, असे या कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने अंतर्गत पत्रव्यवहारात लिहून ठेवले होते. अमेरिकी सरकारने २०२३ साली भरलेल्या दाव्यात ते बाहेर आले.

त्या दाव्यात १७ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने निकाल दिला. विकणाऱ्याचे साधन आणि लिलावाचे आवार एकमेकांना बांधून कंपनीने बेकायदा मक्तेदारी केली, असा तो निकाल आहे. जाहिरातदारांच्या बाजूच्या बाजारपेठेबाबतचा आरोप मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने याच धंद्यातल्या पक्षपाताबद्दल कंपनीला २९५ कोटी युरो दंड ठोठावला. आपल्याकडे वृत्तसंस्थळांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता.

रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे भाव ज्याने पाहिले आहेत, त्याला हा खटला समजावून सांगावा लागत नाही. माल आपला, पण बोली किती लागली हे आपल्यालाच माहीत नाही! फळे आणि भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, एवढा साधा निर्णय व्हायला महाराष्ट्रात २०१६ साल उजाडावे लागले. छोट्या संकेतस्थळांसाठी असलेल्या अ‍ॅडसेन्स योजनेत जाहिरातदाराच्या शंभर रुपयांतले सुमारे ६८ मालकाच्या हाती पडतात, असे कंपनीच सांगते. म्हणजे कपात बत्तीसची. कांद्याच्या पट्टीतली अडतसुद्धा एवढी कधी नव्हती. कंपनी गिऱ्हाईक आणते, हिशेब ठेवते, तेव्हा तिने काहीच घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. आमची तक्रार अशी आहे की शेजारी दुसरे तोलामोलाचे आवार नसेल, तर बत्तीस वाजवी की अवाजवी हे ठरायचे कसे?

आता नियमांकडे वळू. कंपनीचे पुष्कळ नियम रास्त आहेत. मालकाने आपल्याच जाहिरातीवर बोट दाबू नये, वाचकाला तसे करण्याची गळ घालू नये, जाहिरातीला बातमीचा किंवा बटणाचा वेष चढवू नये, मजकुरापेक्षा जाहिराती जास्त नसाव्यात. आपल्या जागा विकण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, त्याची यादीही संकेतस्थळावर उघडी ठेवावी, अशी शिफारस आहे. कापसाच्या गाठीत पाणी मारणारा सगळ्या गावाचा भाव पाडतो. खोटी बोटे दाबून घेणाराही तेच करतो. त्याची बाजू आम्ही घेणार नाही.

अन्याय होतो तो नियम लावण्याच्या पद्धतीत. ‘अवैध रहदारी’ असा शेरा मारून खाते बंद होते आणि साचलेली रक्कम अडते. कोणत्या दिवशी, कोणत्या पानावर, काय चुकले हे सांगितले जात नाही. सांगितले तर लबाडांना वाट सापडेल, असे त्याचे समर्थन केले जाते. अपिलाचा अर्ज आहे, पण आरोपच माहीत नसेल तर अपील कशावर करायचे? फिर्यादी, पंच आणि तिजोरीचा मालक एकच असला की न्याय हा त्याच्या मर्जीचा भाग होतो.

दुसरी बाजू सरकारी नियमांची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे फसवी जाहिरात छापणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नेहमीच्या व्यवहारात ती छापली गेली असे सिद्ध केले तर तो सुटतो, पण ती मागे घेण्याचा आदेश आधी माहीत असेल तर सुटका नाही. जाहिरातीला बातमीचे सोंग देणे हा नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाची फसवणूकच आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्यात आहे.

हेतू चांगला आहे. पण लिलावातून आलेली जाहिरात त्या पोराने निवडलेली नसते. कोणाला काय दिसले, हेही त्याला पुष्कळदा कळत नाही. निवडणारा मोकळा आणि जागा देणारा आरोपी, असे होता कामा नये.

तरीही आपल्या माणसांना आम्ही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जुगार, झटपट श्रीमंती असे जाहिरातींचे वर्गच्या वर्ग बंद करण्याची सोय मालकाच्या हातात असते. ती वापरली पाहिजे. सोयाबीनचा पडलेला भाव पाहून हबकलेल्या माणसाला त्याच पानावर ‘दहा मिनिटांत कर्ज’ दाखवून मिळणारा पैसा आपल्याला नको. बँका आणि वित्तसंस्थांनी कळवलेल्या कर्ज अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. त्या यादीत नसलेल्या अ‍ॅपची जाहिरात दिसली, तर ती अडवावी.

सरकारने प्रत्येक संकेतस्थळाला परवाना लावावा, अशी मागणी आम्ही करणार नाही. परवाना आला की इन्स्पेक्टर आला, आणि इन्स्पेक्टर आला की हप्ता आला. जिल्हा बैठकांनी पुढील मागण्यांवर विचार करून ठराव करावेत.

१. प्रत्येक जागेला लागलेली बोली आणि त्यातून झालेली कपात विकणाऱ्याला दिसली पाहिजे.
२. कारण आणि पुरावा दिल्याशिवाय खाते बंद होऊ नये. वादातली रक्कम त्रयस्थाकडे राहावी आणि सुनावणी माणसाने मराठीतून घ्यावी.
३. फसव्या जाहिरातीची पहिली जबाबदारी ती देणाऱ्यावर आणि लिलाव चालवणाऱ्यावर असावी.
४. विकणाऱ्याचा अडत्या, घेणाऱ्याचा अडत्या आणि आवाराचा मालक एकच नसावा.

आपला माल कोणत्या बाजारात न्यायचा, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आपण कांद्यासाठी आणि कापसासाठी मागत आलो. गावातल्या पोरांच्या या नव्या मालासाठीही तेच मागायचे आहे.